सहा अक्षरांत हिशोबपट्टी : लांब वेबपत्त्याची छोटी लिंक आपल्याच कोडने काढायची रीत

वेबपत्त्यात ‘केळी’ हा शब्द लिहा, तो पत्ता कॉपी करा आणि मेसेजमध्ये चिकटवा. दोन अक्षरी शब्दाच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची माळ उमटते. मोजली तर बरोबर ३६ अक्षरं भरतात. कारण साधं आहे. संगणकाच्या लेखी ‘केळी’त चार चिन्हं आहेत : क, मात्रा, ळ आणि वेलांटी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट ‘टक्का आणि दोन अक्षरं’ असा लिहिला जातो. तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस. ‘केळी-भाव-चोपडा’ एवढंच पानाचं नाव ठेवलं तरी ११० अक्षरं झाली, आणि त्यात डोमेन, म्हणजे साइटचं नाव, अजून आलेलंच नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिससाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिते. माल काट्यावर चढला, वजन झालं, गाडी भरली की शेतकऱ्याची पट्टी तयार होते : किती क्विंटल, काय भाव, कापणीची मजुरी किती वजा, हातात किती. ही पट्टी वेबवर एका पानावर दिसते आणि त्या पानाची लिंक शेतकऱ्याला एसएमएसने जाते. पट्टीचा मूळ पत्ता १४३ अक्षरांचा होता. त्यात गावाचं नाव मराठीत, हंगाम, गाडी नंबर असं सगळं होतं. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज युनिकोड होतो आणि मर्यादा ७० वर येते. मेसेजचे तुकडे पडले तर प्रत्येक तुकड्यात ६७. म्हणजे १४३ अक्षरांच्या नुसत्या लिंकलाच तीन तुकडे लागायचे, आणि पैसे तुकड्यागणिक कापले जातात. मराठीत मेसेज पाठवायचा नाही, असं कुणी सुचवलंही. ते मला मान्य नव्हतं. ज्याच्या घामाचा हिशोब आहे, त्याला तो त्याच्या भाषेतच गेला पाहिजे.

म्हणून छोटी लिंक. ती स्वतःच्या कोडने कशी काढायची, ते मी केलं त्याच क्रमाने सांगते. मी पायथन वापरते, पण पायऱ्या मराठीत लिहिते आहे. पीएचपी, जावा, जावास्क्रिप्ट, जे हाताशी असेल त्यात त्या उतरवता येतील.

डोमेन आपलं हवं

सुरुवातीला मी फुकटात लिंक छोटी करून देणारी एक सेवा वापरली. काम पाच मिनिटांत झालं. पुढे ऐन हंगामात एका सकाळी आमच्या जुन्या लिंका उघडेनाशा झाल्या आणि पट्टीच्या जागी इशाऱ्याचं पान दिसायला लागलं. दिवसभर ऑफिसचा फोन खणखणत होता. “भाऊ, हाई उघडत नही,” एवढंच प्रत्येक जण सांगत होता. पट्ट्या आमच्या सर्व्हरवर सुखरूप होत्या, फक्त त्यांच्याकडे जाणारा रस्ता दुसऱ्याच्या शेतातून होता आणि त्याने बांध घातला.

हे काही आमच्याच वाट्याला आलेलं नाही. टायनीयूआरएल ही अशीच सेवा २००२ पासून आहे आणि टिकली, पण सगळ्या टिकत नाहीत. गूगलने २००९ मध्ये आपली छोट्या लिंकांची सेवा काढली आणि २०१९ मध्ये नव्या लिंका देणं थांबवलं. २०१० मध्ये लिबियाच्या ‘डॉट एलवाय’ शेपटीचं एक लिंक-डोमेन तिथल्या नोंदणी व्यवस्थेने काढून घेतलं. त्यामुळे डोमेनची शेपटी कुठल्या देशाची आहे, हेही बघून घ्यावं. आपलं डोमेन घ्या, छोटं घ्या, आणि मुदत संपायची तारीख दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा. मुदत चुकली आणि दुसऱ्याने ते नाव घेतलं, तर छापलेली प्रत्येक चिठ्ठी त्याच्या दारात जाऊन उभी राहते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आदेशानुसार व्यावसायिक एसएमएसमधली लिंक आधी नोंदवून मंजूर यादीत घालावी लागते, नाहीतर मेसेज पुढे जात नाही. आपलं डोमेन असलं की ही नोंद आपल्या नावाने होते.

टेबल

यात फार काही नाही. डेटाबेसमध्ये एक टेबल, सहा रकाने : क्रमांक, कोड (छोट्या लिंकमध्ये डोमेनच्या पुढे येणारी अक्षरं), लांब पत्ता, बनवल्याची वेळ, मुदत, चालू की बंद. कोडच्या रकान्याला ‘युनिक’ची (तोच कोड दोनदा नको) अट डेटाबेसमध्येच घाला, नुसती प्रोग्राममध्ये नको. ऑफिसात दोन मुलं एकाच वेळी बटण दाबतात तेव्हा ‘आधी बघ, नसेल तर घाल’ असं लिहिलेला प्रोग्राम दोघांनाही ‘नाही’ असंच उत्तर देतो.

एका ठिकाणी मात्र थांबा. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरत असाल तर क्रमांकाच्या रकान्याला ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा शब्द स्पष्ट लिहा. तो न लिहिता शेवटची ओळ पुसली तर तोच क्रमांक पुढच्या ओळीला परत मिळतो. म्हणजे रद्द झालेल्या पट्टीचा कोड दुसऱ्याच शेतकऱ्याच्या पट्टीला लागेल, आणि पहिल्याच्या फोनमधला जुना मेसेज दुसऱ्याचा हिशोब उघडेल. मी तर ओळ पुसतच नाही, ‘बंद’ करते.

लांब पत्ता टेबलात घालण्याआधी तो कुठला आहे ते तपासा. सुरुवात ‘एचटीटीपी’ किंवा ‘एचटीटीपीएस’ने झाली पाहिजे, आणि डोमेन तुमच्या स्वतःच्या यादीतलं पाहिजे. कुठलाही पत्ता चालू ठेवला तर चार दिवसांत कुणीतरी फसवणुकीच्या पानाला तुमचं नाव लावून फिरवेल आणि बदनामी तुमच्या डोमेनची होईल. आपल्याच छोट्या लिंकची परत छोटी लिंक होऊ देऊ नका. ती स्वतःकडेच बोट दाखवत फिरत राहते.

कोड कसा काढायचा

तीन वाटा आहेत.

एक, पाच-सहा अक्षरं यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखी उचलायची. दोन, लांब पत्त्याचा हॅश (मजकुरावरून ठरलेल्या गणिताने निघणारी अक्षरांची माळ) काढून त्याची पहिली काही अक्षरं घ्यायची. तीन, टेबलातल्या क्रमांकापासून कोड काढायचा.

पहिल्या दोन्ही वाटांवर टक्कर होते, आणि आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर होते. समजा पाच अक्षरांचे ६४,३६,३४३ कोड शक्य आहेत (हा आकडा कुठून आला ते खाली येतंच). आपल्याला वाटतं, ६४ लाखांत टक्कर व्हायला लाखभर तरी लिंका लागतील. प्रत्यक्षात साधारण ३,००० लिंका झाल्या की कुठल्या तरी दोघांचा कोड एकच निघण्याची शक्यता निम्मी होते. वर्गातल्या दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, तसंच गणित. टक्कर झाली तर पुन्हा उचल, असं लिहिता येतं, आणि बरेच जण लिहितात. पण क्रमांकापासून कोड काढला तर टक्करच होत नाही, कारण क्रमांक मुळात वेगळे असतात. मी ती वाट धरली.

क्रमांकापासून कोड म्हणजे पाया बदलणं. डझनाचा हिशोब आठवा. ५०० केळी म्हणजे ४१ डझन आणि वर ८. ४१ डझन म्हणजे ३ ग्रोस (बारा डझनांचा एक) आणि वर ५ डझन. म्हणजे ५०० हा आकडा १२च्या पायावर ३-५-८ असा लिहिला गेला. दर वेळी १२ने भागायचं आणि बाकी बाजूला ठेवायची, बस. बहुतेक ठिकाणी यासाठी ६२चा पाया घेतात : दहा अंक, २६ लहान इंग्रजी अक्षरं, २६ मोठी. तेवढ्यात सहा अक्षरांचे ५,६८० कोटी कोड होतात. कागदावर हे छान दिसतं.

आमच्याकडे ते पहिल्याच आठवड्यात आडवं पडलं.

कोड तोंडाने सांगितला जातो

आमच्या पट्टीची लिंक एसएमएसवर दाबून उघडणारे बरेच आहेत. पण काट्यावर छापील चिठ्ठीही देतात, आणि ती चिठ्ठी घेऊन माणूस घरी जातो. मग पुण्याला शिकणाऱ्या मुलाला फोन लावतो आणि कोड वाचून दाखवतो. मी एकदा काट्याच्या खोलीत बसले होते, तेव्हा एक नाना असाच फोनवर मुलाला कोड सांगत होते. चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरलेली, चष्मा कपाळावर. चिठ्ठीवर लहान एल होता, नानांनी ‘एक’ वाचला. पुढे मोठा ओ होता, त्यांनी ‘शून्य’ वाचलं. मुलाने विचारलं, “एम का एन?” नाना म्हणाले, “एन नही, एम!” आणि पलीकडे तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. चार वेळा सगळं पहिल्यापासून झालं. शेवटी त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “बेटा, तूच पाहीसन सांग ना, किती रुपया उनात ते.”

त्या दिवशी घरी जाऊन मी मुळाक्षरं बदलली. छोटी लिंक छोटी असून भागत नाही, ती डोळ्याने, तोंडाने आणि कानाने नीट पार पडली पाहिजे.

काय काढलं ते सांगते. लहान अक्षरं सगळी काढली, कारण ‘मोठा के की लहान के’ असं कुणी फोनवर विचारत बसत नाही. शून्य आणि ओ दोन्ही काढले. एक, आय आणि एल तिन्ही काढले. उरलेले स्वर ए, ई, यू काढले, म्हणजे चुकून कुठला वेडावाकडा शब्द तयार होणार नाही. ठिकाणं सांगणाऱ्या गूगलच्या प्लस कोडमध्येही याच कारणाने स्वर नाहीत. एन काढला, एम ठेवला. बी ८ सारखा दिसतो, एस ५ सारखा, झेड २ सारखा, जी ६ सारखा. ते चारही काढले. उरले ते असे :

२ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ सी डी एफ एच जे के एम पी क्यू आर टी व्ही डब्ल्यू एक्स वाय

मोजा, २३ भरतात. आठ अंक, पंधरा अक्षरं. यातल्या २ ला ० क्रमांक द्यायचा, ३ ला १, असं करत ९ ला ७, सी ला ८, डी ला ९, आणि शेवटी वाय ला २२. पाच अक्षरांचे कोड २३चा पाचवा घात, म्हणजे ६४,३६,३४३. दिवसाला ६० पट्ट्या आणि वर्षाला ३०० दिवस धरले तरी साडेतीनशे वर्षं पुरतील. ६२चा पाया घेऊन एक-दोन अक्षरं वाचवण्यापेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

तरी सी, डी, पी, टी, व्ही फोनवर एकसारखेच ऐकू येतात, आणि सगळेच काढत बसलं तर हातात काही उरत नाही. त्यासाठी सहावं अक्षर आहे.

तपासणीचं अक्षर

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर लगेच कळतं. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्येही तेच आहे, तिथे ११ने भागतात. आपल्याला २३ मिळालेत, आणि २३ ही मूळ संख्या आहे. हे फार सोयीचं पडलं. पाया मूळ संख्या असला की साध्या गुणाकार-बेरजेने तेच काम होतं.

पाच अक्षरांच्या क्रमांकांना डावीकडून ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, २३ने भागायचं, आणि बाकीचं जे अक्षर ते सहाव्या जागी ठेवायचं. कुठलंही एक अक्षर चुकलं तर बेरीज २३च्या हिशोबात नक्की बदलते. कुठल्याही दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी बदलते. ऐकणाऱ्याने पीच्या जागी टी टाइप केला तर दुसऱ्याच्या पट्टीऐवजी ‘कोड पुन्हा तपासा’ असं पान येतं. पैशांच्या कागदाला एवढी काळजी हवीच.

शेजारचा क्रमांक झाकणं

क्रमांक १००१, १००२, १००३ हे सरळ पाया बदलून लिहिले तर कोडही शेजारी शेजारी येतात. आपला कोड पाहून माणूस पुढचा सहज ओळखतो. म्हणून पाया बदलण्याआधी क्रमांकाला एका मोठ्या संख्येने गुणायचं आणि ६४,३६,३४३ने भागून बाकी घ्यायची. गुणक कुठलाही चालेल, फक्त त्याला २३ने भाग जाता कामा नये. तेवढं पाळलं की ६४ लाखांपैकी कुठल्याही दोन क्रमांकांची बाकी एक येत नाही. मी उदाहरणापुरता २७,१८,२८१ घेते. तुम्ही तुमचा घ्या आणि तो कुठे छापू नका.

१००१ चे होतात ४८,६२,५३५. १००२ चे ११,४४,४७३. १००३ चे ३८,६२,७५४.

आता १००२ ची पट्टी शेवटपर्यंत नेऊ. हे एकदा कागदावर करा, मगच प्रोग्राम लिहा.

११,४४,४७३ ला २३ने भागलं : भागाकार ४९,७५९, बाकी १६.
४९,७५९ ला भागलं : २,१६३, बाकी १०.
२,१६३ ला : ९४, बाकी १.
९४ ला : ४, बाकी २.
४ ला : ०, बाकी ४.

बाक्या खालून वर वाचायच्या : ४, २, १, १०, १६. मुळाक्षरांत बघितलं तर ६, ४, ३, एफ, क्यू. आता तपासणी : ४ गुणिले ६ म्हणजे २४, २ गुणिले ५ म्हणजे १०, १ गुणिले ४ म्हणजे ४, १० गुणिले ३ म्हणजे ३०, १६ गुणिले २ म्हणजे ३२. बेरीज १००. २३ चोक ९२, बाकी ८. आठव्या क्रमांकाला सी आहे. पूर्ण कोड झाला : ६४३-एफ-क्यू-सी.

आता मुद्दाम चूक करून बघा. मधले ४ आणि ३ उलटे टाका, ६३४-एफ-क्यू-सी. बेरीज येते ९९, बाकी ७, म्हणजे शेवटी ९ यायला हवा होता. आला सी. चूक पकडली गेली.

प्रोग्राम असा :

कोड बनव (क्रमांक) :
१. आकडा = क्रमांक × गुणक, त्याला ६४३६३४३ने भागून उरलेली बाकी
२. रिकामी यादी घे
३. बरोबर पाच वेळा कर : आकड्याला २३ने भाग, बाकी यादीत सगळ्यांच्या पुढे घाल, भागाकाराचा पूर्णांक हा नवा आकडा
४. यादीतल्या आकड्यांना ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज कर
५. बेरजेला २३ने भागून बाकी यादीच्या शेवटी जोड
६. प्रत्येक आकड्याच्या जागी मुळाक्षरांतलं अक्षर ठेव आणि सहाही जोडून दे

तिसऱ्या पायरीत ‘आकडा शून्य होईपर्यंत’ असं लिहू नका. लहान आकड्याला मग चारच अक्षरं मिळतात आणि ६, ५, ४, ३, २ यांची जागा सरकते. पाच म्हणजे पाच वेळा, पुढे शून्य आले तर येऊ द्या, त्यांचे २ होतात.

पहिल्या पायरीत गुणाकार मोठा होतो. पायथनला त्याची फिकीर नाही, जावास्क्रिप्टमध्येही हा आकडा अचूक बसतो. पण जावाचा साधा ‘इंट’ ३२ बिटांचा असतो. वरच्या गुणकाने ७९१व्या पट्टीला तो उतू जातो आणि बाकी चक्क ऋण यायला लागते. तिथे ‘लाँग’ घ्या. ही चूक वाईट अशासाठी की पहिल्या ७९० पट्ट्या अगदी बरोबर निघतात.

क्रमांक मिळवायला आधी ओळ घाला, डेटाबेसने दिलेला क्रमांक घ्या, कोड काढा, त्याच ओळीत लिहा. हे सगळं डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) करा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी कोड नसलेली ओळ मागे राहत नाही. आमच्याकडे वीज जातेच.

लिंक उघडायला कुणी आलं की

आलेला कोड आधी धुऊन घ्या. मोकळ्या जागा आणि रेघा काढा, लहान अक्षरं मोठी करा. बीचा ८ करा, एसचा ५, झेडचा २, जीचा ६. ही चार अक्षरं आपल्या मुळाक्षरांत नाहीतच, त्यामुळे माणसाला काय म्हणायचं होतं ते उघड आहे, आणि चुकून भलतंच झालं तर तपासणीचं अक्षर बसलेलंच आहे.

आणि देवनागरी अंक! फोनचा कीबोर्ड मराठीवर असतो, माणूस ६४३ देवनागरीत टाइप करतो, आणि प्रोग्राम म्हणतो असा कोडच नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि नऊचा २४१५. अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ यांपैकी असला तर २४०६ वजा करा, अंक मिळाला. दोन ओळींचं काम आहे. इंग्रजीत तयार झालेल्या नमुन्यांत ते सापडणार नाही, आपल्यालाच घालावं लागतं.

धुतलेला कोड सहा अक्षरी आहे का, तपासणी जुळते का, मगच टेबलात शोधा. सापडला आणि चालू असला तर ३०२ हा उत्तर-क्रमांक (म्हणजे ‘तूर्त दुसरीकडे जा’) आणि उत्तराच्या ‘लोकेशन’ शीर्षकात लांब पत्ता, असं उत्तर द्या. अनेक नमुन्यांत ३०१ लिहिलेला असतो. ३०१ म्हणजे ‘कायमचा हलला’, आणि ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मग पट्टीत दुरुस्ती होऊन तुम्ही पत्ता बदललात तरी त्या फोनवर जुनंच पान उघडत राहतं, तुमच्या सर्व्हरला विचारायलाही तो येत नाही. मी ३०२ देते आणि सोबत ‘साठवू नको’ असं कॅशेला सांगते. बंद केलेल्या कोडला ४१०, कधीच नसलेल्याला ४०४. दोन्हींच्या पानावर मराठीत एक वाक्य आणि ऑफिसचा फोन नंबर, एवढं पुरे. नुसता आकडा दाखवून माणसाला परत पाठवू नका.

लिंक किती वेळा उघडली ते मोजायचं असेल तर मोजा, पण मेसेजच्या ॲपमधली पूर्वदृश्यं (लिंकची आपोआप दिसणारी झलक) आणि तपासणारी यंत्रंही त्या आकड्यात येतात. यावरून एक मात्र नक्की पाळा. लिंक उघडली एवढ्यावरून ‘पट्टी मान्य’ अशी नोंद कधी करू नका.

हे कुलूप नाही

गुणकाने क्रम झाकला जातो, लपत नाही. ओळीने आलेले दोन-तीन कोड हातात असले तर हिशोब करून पुढचा काढता येतो. आणि पाच हजार कोड वापरात असतील तर ६४ लाखांत अंदाजे दर तेराशे प्रयत्नांना एक लागतो. यंत्राला ते काहीच नाही. म्हणून पट्टीच्या पानावर रक्कम दिसण्याआधी नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार अंक विचारते, आणि एका कोडवर पाच वेळा चुकले तर तो कोड तासभर थांबवते. थांबवायचं ते कोडला, आयपी पत्त्याला (फोनचा इंटरनेटवर दिसणारा क्रमांक) नाही. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे असंख्य ग्राहक ठेवतात. एकाने चुका केल्या म्हणून अख्ख्या गावाचा रस्ता बंद होईल. जिथे चार अंक विचारणं शक्य नाही आणि मजकूर खासगी आहे, तिथे ही रीत सोडा आणि पायथनच्या ‘सीक्रेट्स’सारख्या सुरक्षित यदृच्छ साधनाने २० तरी अक्षरांचा कोड काढा. तो तोंडाने सांगता येणार नाही, पण तिथे ते चालेल.

सुरू करण्याआधी

शून्यापासून ६४,३६,३४२ पर्यंतचे सगळे कोड एकदा बनवून बघा. साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपतं. एकही कोड दोनदा आला नाही ना, एवढंच पाहायचं. मग शे-दोनशे कोड घेऊन प्रत्येकात एकेक अक्षर बदला, दोन-दोन अक्षरांची अदलाबदल करा, आणि एकही चूक निसटत नाही ना ते पाहा.

त्यानंतर चिठ्ठी छापा. कोड तीन-तीनच्या दोन गटांत छापा, मध्ये मोकळी जागा, अक्षर मोठं आणि ठसठशीत. डोमेन वरच्या ओळीत, कोड खालच्या. काट्यावरचा प्रिंटर थर्मल असेल तर फिकट रिबीनची भानगड नाही, पण त्या कागदावरची अक्षरं उन्हात उडतात, म्हणून एसएमएसही पाठवाच.

चिठ्ठी छापून झाल्यावर मी ती ऑफिसातल्या मुलाच्या हातात दिली नाही. नाना पुढच्या कापणीचा माल घेऊन आले तेव्हा त्यांच्याच हातात दिली आणि म्हटलं, पुण्याला फोन लावा. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, चिठ्ठी लांब धरली आणि वाचलं, “सहा, चार, तीन.” थोडं थांबून, “एफ, क्यू, सी.” पलीकडून मुलाने आधी टी टाइप केला असणार, कारण तो म्हणाला, ‘पुन्हा तपासा म्हणतंय.’ नाना म्हणाले, “सी रे, सी! चंद्राना सी.” मग पलीकडून मुलगा आकडे वाचायला लागला आणि नाना बोटांवर क्विंटल मोजायला लागले.